ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं

सोमवार, ४ मार्च

वही मॅडमनी दिली. म्हणाल्या, "राग आला की हात उचलायच्या आधी पेन उचल. जे झालं ते जसंच्या तसं लिही. मी वाचणार नाही, कुणीच वाचणार नाही." मी म्हटलं, मॅडम, नववीत शाळा सोडली, तेव्हापासून पेन फक्त सहीपुरतं धरलंय. त्या म्हणाल्या, "मग आता धर." आवाज गोड आहे बाईंचा, पण जागची हलत नाही बाई.

तर लिहितो. वय बावीस. शाळा सुटलेल्या आणि काम नसलेल्या पोरांसाठी हे केंद्र आहे. आम्ही अठरा जण, सगळे ओवाळून टाकलेले. पत्रा कापायचं, वाकवायचं, जोडायचं काम सहा महिने शिकवतात आणि पास झालात की कारखान्यात घेतात. माझं शेवटचं काम गोदामातलं. मुकादमाचे दोन दात पडले म्हणून गेलं. त्याआधीचं असंच गेलं, त्याच्याआधीचंही. म्हणून इथे घेताना मॅडमनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलंय: एकदा जरी कुणावर हात उचलला तर नाव कमी, पुन्हा दार नाही. हे गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. एवढं मलाही कळतं, मी काही अगदीच ठोंब्या नाही.

शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं आहेत त्या मोठ्या खोलीत, मास्तर शिकवतात. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं. आल्याआल्या त्यांनी प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलं. त्यावर नंबर कोरलेला, किल्ली एकच. माझा नंबर सतरा. यंत्रात हात घालायचा असेल तर आधी मेन स्विच खाली ओढायचा, त्याच्या कडीत आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली गळ्यात अडकवायची. दोघं आत जाणार असतील तर त्याच कडीत दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मास्तरांनाही हक्क नाही. काढल्यावर स्विच वर करायच्या आधी तीनदा ओरडायचं, "आत कोण?" आणि थांबायचं. आतून "आहे" असं आलं की हात मागे. दुसऱ्याचं कुलूप तोडलं तर नाव कमी. आपलं कुलूप दुसऱ्याला दिलं तरी नाव कमी.

एकाने विचारलं, "मास्तर, एवढं नाटक कशाला? बघून घेऊ की." मास्तरांनी डावा हात वर केला. म्हणाले, "माझ्या वेळी पण एकाने बघूनच घेतलं होतं." मग कुणी हसलं नाही.

माझ्या बाकावर कुणीतरी बसलं होतं म्हणून मी बाक लाथेने सरकवला. नुसता सरकवला. तर मास्तरांनी बारसं करून टाकलं. "तू बॉयलर. सदा वाफेवर." आता सगळे बॉयलर म्हणतात. म्हणू देत.

घरी कुलूप दाखवलं. आईने उलटंसुलटं करून बघितलं आणि परत दिलं. छोटीने मात्र बराच वेळ हातात धरलं. छोटी म्हणजे माझी बहीण, एकोणीस वर्षांची. म्हणाली, "दादा, हे खरंच दुसरं कुणी काढू शकत नाही?" म्हटलं, नाही. "तूसुद्धा दुसऱ्याचं नाही?" नाही म्हटलं ना एकदा, किती डोकं खातेस.

गुरुवार, ७ मार्च

आज हात उचलला नाही. मॅडम खूश होतील.

चहा गार होता. दहादा सांगितलंय की मी आल्याआल्या गरम पाहिजे. मी ग्लास भिंतीवर मारला. भिंतीवर. छोटी चांगली हातभर लांब उभी होती. बाबा असते तर पट्टा निघाला असता. मी पट्ट्याला आजवर हात लावलेला नाही. बाबा गेल्यावर मी तो स्वतः नेऊन कचऱ्यात टाकला, आईच्या डोळ्यांदेखत.

काचा छोटीने गोळा केल्या. एक तिच्या पायात गेली. बघून चालायचं नाही तर काय होणार. मीच कापूस लावून पट्टी बांधली. ती पाय मागे ओढत होती. म्हटलं, एवढं काय, टोचलंय फक्त. ती म्हणाली, "हो दादा."

आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. ती आली, भिंतीवरचा डाग बघितला आणि फडकं घेऊन पुसायला बसली. कुणाला काही विचारलं नाही. आमच्या घरात उगाच आरडाओरडा नसतो, ते एक बरं आहे.

मंगळवार, १२ मार्च

आज शॉपमध्ये रक्त. माझं नाही, माझ्यामुळे नाही.

जाड्या आणि दुसरा एक लंबू, दोघांची हातमोज्यांवरून जुंपली. आधी आईवरून झालं, मग कॉलर, मग जाड्याने मोजायची लोखंडी पट्टी उचलली आणि लंबूच्या कपाळावर आडवी घातली. हाडावर लोखंड बसल्याचा आवाज मला ओळखू येतो. लंबू खाली गेला, आणि जाड्या वर बसून मारतच राहिला. लंबूच्या तोंडातून फुगे येत होते, लाल. माझे हात असे शिवशिवायला लागले की सांगता येत नाही. कुणाच्या बाजूने जायचं तेही ठरलं नव्हतं. नुसतं त्यात घुसायचं होतं.

मागून कुणीतरी माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला. चष्म्या. चष्म्या म्हणजे यंत्रावरचा माझा जोडीदार. सव्वीस वर्षांचा, हाडकुळा, भिंगं बाटलीच्या बुडाएवढी, बोलतो तेव्हा वाटतं शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय. बाप अंथरुणाला खिळला म्हणून त्याचं कॉलेज सुटलं. म्हणाला, "तुझा काय संबंध? तू कापत होतास ते काप." एवढंच. आणि शर्ट सोडला नाही. बटण तुटलं माझं.

तासाभरात दोघांची नावं कमी. लंबूला टाके घालायला नेलं आणि जाड्या गेटपाशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. मूर्ख. शॉपच्या आत मारायचं नसतं, एवढं साधं कळू नये?

मॅडमनी मला बोलावून विचारलं, "तुझा राग सुरू कुठून होतो?" म्हटलं, हातांतून. आधी हात गरम होतात, मग डोकं. त्या म्हणाल्या, "मग हात गरम झाले की काय करायचं?" मला उत्तर आलं नाही. परीक्षेत कधी आलं होतं म्हणा.

बुधवार, २० मार्च

नीट लिहायचं ठरवलंय. जे झालं तेच लिहितो.

जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती. मला शेवटचा पत्रा कापून टाकायचा होता, कारण काल मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, बॉयलरचं काम म्हणजे रोज अर्धं. कापायच्या यंत्राचा मेन बघतो तर खाली, आणि त्यावर चष्म्याचं कुलूप. चष्म्या कुठे दिसेना. मला वाटलं, हा कुलूप तसंच टाकून हात धुवायला गेला. असलं डोकं सटकलं! हा आरामात साबण लावणार आणि बोलणी मी खाणार. कोपऱ्यात लांब दांड्याचा कटर होता. कुलूप तोडलं. खट्‌ झालं आणि बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

"आत कोण?" असं ओरडलो. एकदा. मोठा पंखा चालू होता, काही ऐकू आलं नाही आणि मी थांबलोही नाही. मेन वर केला आणि पेडल दाबलं.

चष्म्या यंत्राच्या मागे आडवा पडून अडकलेली कात्रण ओढत होता. पातं खाली आलं. त्याची बाही कापली, आणि बाहीखालची बोटभर कातडी सोलून निघाली. ती पत्र्याला चिकटून बाहेर आली माझ्या बाजूला. आधी मला ते काय आहे तेच कळेना. चष्म्या ओरडलासुद्धा नाही. हात छातीशी धरून उठला, तर समोरचा शर्ट लाल. म्हणाला, "अरे, मी आहे म्हणालो होतो ना."

मग मास्तर. ते कधी आले कळलंच नाही. त्यांनी माझी मान पकडली आणि गाल यंत्राच्या थंड लोखंडावर दाबला, पात्याच्या बरोबर खाली. तीन बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. नाकातून रक्त आलं माझ्या. कानाशी तोंड आणून म्हणाले, "इथेच. याच जागी. बघ, वास येतोय का माझ्या बोटांचा." मी गप्प. हालचाल नाही. बाबांच्या वेळीही असाच गप्प राहायचो, म्हणजे लवकर संपतं.

मास्तरांनीच हात उचलला की. त्यांच्याकडून कागद लिहून घेतला नसेल.

नाव कमी होणार, हे ठरलंच होतं. पण चष्म्या मलमपट्टी करून आला आणि मॅडमना म्हणाला, "किल्ली हरवली म्हणून मीच त्याला तोडायला सांगितलं. मग माझ्याच लक्षात राहिलं नाही, परत आत गेलो." मॅडमनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचा एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता, पण बोलणार काय? तोडलेलं कुलूप त्यांनी शॉपच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगलं आणि मला म्हणाले, "रोज आल्यावर आधी याच्यासमोर उभं राहायचं. पुढचं तोडलंस तर ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही."

सुटताना बघितलं, चष्म्याची किल्ली त्याच्या मोज्यात होती. मी विचारलं, का केलंस? म्हणाला, "मला जोडीदार बदलायचा कंटाळा आहे." आभार मानायचे होते. शेवटी म्हटलं, रविवारी घरी ये जेवायला. तेही शिवी दिल्यासारखं म्हटलं.

रविवार, २४ मार्च

चष्म्या आला. हाताला कोपरापर्यंत पट्टी. जेवण झाल्यावर त्याने नकाशे काढले, कारण मला मापं वाचता येत नाहीत. पूर्णांक ठीक आहेत, पण अपूर्णांक आले की माझी बोंब. तीन छेद आठ मोठे की पाच छेद सोळा? मी बोटं मोडत बसलो. छोटी भांडी घासताना तिकडूनच म्हणाली, "तीन छेद आठ. एक छेद सोळाने मोठं."

चष्म्या बघतच राहिला. मलाही अभिमान वाटला. म्हटलं, आहेच आमची छोटी हुशार. दहावीत वर्गात पहिली होती. तो म्हणाला, "मग पुढे?" मी सांगितलं, एक पोरगा तिला रस्त्यात वही द्यायला आला होता. वहीचा फक्त बहाणा. मी त्याचा हात मोडला, तिथेच, शाळेच्या फाटकात. मग छोटी स्वतःच म्हणाली, नाही जायचं मला शाळेत. शहाणी आहे.

चष्म्याने पेन्सिल उचलली. बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसला.

रविवार, ७ एप्रिल

चष्म्या आज तिसऱ्यांदा आला. अपूर्णांक जमायला लागलेत. काल शॉपमध्ये माझा पत्रा केसाच्या रुंदीइतका बरोबर आला. मास्तर म्हणाले, "बॉयलर, आज तू कामावर बसलास, काम तुझ्यावर नाही." हे कौतुक होतं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

रोज त्या तुटक्या कुलपासमोर उभा राहतो. आधी हसू यायचं. आता येत नाही. आता कुणी "आत कोण?" ओरडलं की मी यंत्रापासून लांब असलो तरी माझे हात मागे जातात. चष्म्या चेष्टा करतो, म्हणतो, "भाजी घेतानाही असंच करतोस का?"

एक गोष्ट खटकली. निघताना चष्म्या दाराशी छोटीशी काहीतरी बोलत होता, हळू आवाजात. मी जवळ गेलो तर दोघं गप्प. विचारलं तर छोटी म्हणाली, "काही नाही, अपूर्णांक." अपूर्णांक कुजबुजत सांगतात का?

शुक्रवार, १२ एप्रिल

हात दुखतोय, अक्षर वाकडं येईल.

छोटीच्या उशीखाली चिठ्ठी सापडली. अक्षर चष्म्याचं, मी नकाशांवर रोज बघतो. "सोमवारी दहा वाजता. दोन फोटो आण. दादाला आत्ताच सांगू नकोस."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात जेवतो, माझ्या आईच्या हातचं खातो, आणि माझ्याच बहिणीला फोटो घेऊन बोलावतो! मी छोटीला विचारलं, हे काय आहे? ती भिंतीला टेकली आणि नुसती मान हलवायला लागली. बोलली असती तर काही झालं नसतं. मी एकच मारली. मग केस धरले, कारण ती तोंड लपवत होती आणि मला तिच्या डोळ्यांत बघायचं होतं. डोकं भिंतीला लागलं ते तिने मागे घेतलं म्हणून. मग तिने हात मध्ये घातला, तो मी वळवला, आणि मनगटात काहीतरी कट्‌ वाजलं. तेव्हा ती ओरडली. आई मध्ये पडली, तिला धक्का बसला, ती कॉटच्या पायावर आपटली. मुद्दाम नाही केलं. त्या वेळी कोण समोर आहे ते दिसतच नाही.

मी पट्टा वापरला नाही. हे लिहून ठेवतो.

आई खालीच बसून राहिली, छोटीचं डोकं मांडीवर घेऊन. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझा बाप मारून झालं की जेवायला मागायचा. तू पण आता मागशील."

मी मागितलं नाही. त्यासाठी आज उपाशीच राहिलो.

शनिवार, १३ एप्रिल

चष्म्याला धरला. गेटच्या बाहेर, पन्नास पावलांवर, जिथे केंद्राची भिंत संपते. मी पावलं मोजली होती. मी जाड्यासारखा मूर्ख नाही.

त्याने मला बघून हात वर केला, हसून. मी पहिली त्याच्या तोंडावर दिली. चष्मा उडाला. तो रांगत चष्मा शोधायला लागला, त्याला त्याशिवाय काही दिसत नाही. मी त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. मग दुसरी. मग मोजली नाहीत. त्याच्या पट्टीतून परत रक्त यायला लागलं, ते माझ्या बुटावर पडलं. तो मारतच नव्हता. डोक्यावर हात घेऊन पडून राहिला आणि "फॉर्म आहे रे, फॉर्म," असं काहीतरी बरळत होता. म्हटलं, माझ्या बहिणीचं नाव घेशील? त्याने नाव घेतलंच नव्हतं खरं तर. त्याच्या चष्म्यावर पाय देऊन मी निघून आलो.

बरं वाटायला हवं होतं. दर वेळी वाटतं, निदान तासभर तरी. आज घरी येईपर्यंत वाटलं नाही.

घरी आई आणि छोटी नव्हत्या. आईच्या रुग्णालयात गेल्या होत्या हात दाखवायला. मनगटाला तडा आहे. आईने तिथे सांगितलं, पोरगी न्हाणीत घसरली.

सोमवार, १५ एप्रिल

संध्याकाळ. जिन्याच्या पायरीवर बसून लिहितोय. अजून उजेड आहे.

सकाळी चष्म्या आला होता. एक डोळा बंद, चष्म्याला मध्ये चिकटपट्टी, श्वास घेताना कूस धरत होता. मॅडमनी विचारलं तर म्हणाला, जिन्यावरून पडलो. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्या बोटांची सालपटलेली पेरं बघितली. म्हणाले, "किती जिने आहेत रे तुझ्याकडे, बॉयलर?"

दहा वाजता नवी तुकडी आली. वायरिंग शिकायला, बारा जण, त्यात पाच मुली. त्यांना शॉप दाखवायला आणलं. तिसऱ्या नंबरला छोटी. डावा हात गळ्यात अडकवलेला, गालावर माझी बोटं उमटलेली, उजव्या हातात फॉर्म. फॉर्मवर एक फोटो चिकटवलेला आणि दुसरा टाचणीने लावलेला.

दोन फोटो.

मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलंच नाही. मास्तर तेच भाषण देत होते, बोटं वर केली, कुणी हसलं नाही. मग कुलपं वाटली. छोटीला एकतीस नंबर. तिने एका हाताने किल्ली गळ्यात घालायचा प्रयत्न केला, जमेना. शेजारच्या मुलीने घातली.

खरं तर मी तेव्हा चष्म्याचे पाय धरायला हवे होते. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझे हात गरम झाले. मला न विचारता! माझ्या पाठीमागे! मी जाऊन म्हटलं, चल घरी. मास्तर मध्ये उभे राहिले. मी म्हटलं, माझी बहीण आहे ती. ते म्हणाले, "असेल. इथे ती एकतीस नंबर आहे. पाऊल मागे घे." छोटीने कुलूप मुठीत घट्ट धरलं होतं. मी म्हटलं, घरी तर येशीलच ना, मग बघतो. अख्ख्या शॉपने ऐकलं.

त्यांना चारला सोडलं, आम्हाला पाचला. येताना मी काय ठरवलं होतं ते लिहीत नाही. मॅडम, माफ करा, तेवढं नाही लिहिता येत.

आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीचं दार बंद. ढकललं, उघडेना. हाका मारल्या, उत्तर नाही. लाथा घातल्या, चार-पाच. खालची फळी फुटली, ताटाएवढं भोक पडलं. वाकून बघितलं. आतल्या बाजूला दाराला नवीन कडी ठोकलेली, खाली लाकडाचा भुसा, स्क्रू फिरवायचा पाना तिथेच पडलेला. एका हाताने केलं असणार तिने. कडीत लाल कुलूप. एकतीस. आणि त्याच्यामागे चार पावलं, आईची दोन आणि छोटीची दोन, एकमेकांना चिकटून. छोटीच्या पायावर त्या काचेचा व्रण आहे. बराच मोठा आहे. टोचलंय फक्त, असं मी म्हणालो होतो.

तरी मी थांबलो नाही. कॉटखाली बाबांची लोखंडी पहार आहे. पट्टा टाकला होता, पहार राहिली होती. ती दाराच्या फटीत घातली. नुसतं अंग टाकायचं होतं, कडी भुईवर आली असती.

आतून छोटी बोलली. रडत नव्हती. शॉपमध्ये सांगतात तशा आवाजात बोलली. "एकतीस नंबर. आत आहे."

आणि मग आई. आईला तर कुणी शिकवलंही नव्हतं. ती म्हणाली, "मी पण आहे रे."

माझे हात मागे आले. मी आणले नाहीत, ते आपले आले. पहार पायावर पडली, अंगठ्याचं नख गेलं, ते नंतर कळलं. मी तिथेच बसलो. समोर ती पत्र्याला चिकटलेली कातडी दिसायला लागली, आणि चष्म्या, "मी आहे म्हणालो होतो ना." तोही म्हणाला होता. शाळेच्या फाटकातला तो पोरगाही काहीतरी म्हणत होता, वही पुढे करून. आत कुणीतरी आहे, हे सगळे सांगतच होते. मी एकदाच ओरडायचो आणि थांबायचो नाही.

हात अजून गरमच होते. खोटं कशाला लिहू, आत्ताही आहेत. त्यांचा भरवसा नाही. पाच मिनिटांनी परत पहार उचलणार नाहीत, असं मी कुणाला सांगू?

म्हणून गळ्यातली किल्ली काढली. खिशातून कुलूप काढलं. सतरा नंबर. माझ्याच लाथेने पडलेल्या भोकातून दोन्ही आत सरकवली. म्हटलं, "छोटे, दोन माणसं असली की दोन कुलपं लावतात. हेही लाव. किल्ली तुझ्याकडे ठेव. मागितली तरी देऊ नकोस."

कुलूप दुसऱ्याला दिलं की नाव कमी. मला पाठ आहे. उद्या कुलपाशिवाय ते शॉपमध्ये सोडणार नाहीत. सोडलं तरी मी सांगणार आहे की चष्म्याचा जिना म्हणजे मीच. सहा आठवडे झाले होते, पत्रा केसाइतका बरोबर येत होता. असो.

आतून कुलूप ओढल्याचा आवाज, कडीवर लोखंड घासल्याचा, आणि खट्‌. माझं कुलूप लागलं. मग मी पहार घेऊन उतरलो, ती रस्त्यापलीकडच्या कचऱ्यात टाकली आणि इथे येऊन बसलो.

आत्ताच छोटीने आतून हाक मारली. मास्तरांसारखी, मोठ्याने.

"बाहेर कोण?"

मी गप्प बसलो. वाटलं, गेला असं समजून बाहेर येतील, पाणी पितील, आईने सकाळपासून काही खाल्लं नसेल.

"बाहेर कोण?"

तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा मी उत्तर दिलं. "आहे," म्हटलं.

तिने दार उघडलं नाही. बरोबर केलं. तिला ते एका दिवसात जमलं.